दिसायला जायचे सण

माझे वडील देवी डॉक्टर होते. खरे डॉक्टर नव्हेत, लोकल बोर्डाचे देवीची लस टोचणारे. पण जामखेड तालुक्यात त्यांना दुसरं नाव नव्हतं. ते गावात शिरले की बाया पोरांना कणगीमागे दडवत आणि बाबा ओट्यावर बसून, आरडाओरडा न करता, पोरं आपणहून बाहेर येण्याची वाट बघत. त्यांच्या अंगी वाट बघण्याचा गुण फार होता. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटे. पुढे त्याच गुणाचा मला राग येऊ लागला.

आम्ही इस्राएल, म्हणजे यहुदी. गावात आमचं एकच घर. लोकांना इस्राएल म्हणजे काय ते कळत नसे. कुणी आम्हाला मुसलमान समजे, कुणी किरिस्ताव. बाबा शांतपणे सांगत की आम्ही शनिवार पाळणारे, आमचे वाडवडील कोकणातले, पलटणीत भरती होऊन घाटावर आले. ऐकणारा मान हलवी आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारी.

वर्षाचे आमचे सण बरेच. पण त्यांतले तीन बाबांच्या लेखी वेगळे होते: वल्हांडण, त्यानंतर सात आठवड्यांनी सप्तकांचा सण, आणि पावसाळा सरल्यावर मांडवांचा सण. हे तीन घरी बसून करायचे नाहीत, असं ते म्हणत. पूर्वी आमच्या लोकांचं मंदिर यरुशलेमात होतं तेव्हा या तीन सणांना देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं तिथे चढून जात. आता मंदिर राहिलेलं नाही. मग जिथे दहा पुरुष प्रार्थनेला जमतात तिथे जायचं. दहांना आमच्यात मिन्यान म्हणतात. दहा झाले की सार्वजनिक प्रार्थना होते, तोरेची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी कपाटातून बाहेर काढतात. नऊ असले तर नाही. जामखेडात बाबा एकटे होते, म्हणून आमचं यरुशलेम म्हणजे नगर.

नगरच्या कॅम्पात एक पेन्शनर सुभेदार राहत. त्यांच्या बंगल्याची पुढची खोली हीच तिथल्या इस्राएलांची मशीद. आम्ही आमच्या प्रार्थनागृहाला मशीदच म्हणतो. रेल्वेतले, पोस्टातले, लष्करी कचेऱ्यांतले पाच-सहा घरांतले लोक तिथे जमत.

मांडवांच्या सणाला चार गोष्टी हातात धरून प्रार्थना करायची असते. शिंदीचा न उमललेला कोंब, वाळुंजीच्या डहाळ्या, हदास नावाच्या सुवासिक झुडपाच्या डहाळ्या आणि महाळुंग. हदास पुण्याहून कुणी तरी सुभेदारसाहेबांकडे पाठवी. बाकीचं सगळं बाबा नेत. शिंदी आणि वाळुंज विंचरणा नदीच्या काठाला मिळे. महाळुंगाचं झाड मात्र पंचक्रोशीत एकच, एका माळ्याच्या विहिरीवर. बाबांनी त्याच्या नातवंडांना लस टोचली होती. भाद्रपद लागला की तो एक फळ फडक्यानं बांधून ठेवी, पाखरानं चोच मारू नये म्हणून. कारण डाग पडलेलं, देठ तुटलेलं फळ चालत नाही.

"डाक्टर, तुमच्या देवाला लई अवघड फळ लागतंय," तो म्हणे. "आमचा देव बरा, बेलाच्या पानावर भागतंय त्याचं."

"रिकाम्या हातानं जाऊ नये असं लिहिलंय," बाबा म्हणत. "काहीतरी न्यायचं, मग चांगलंच न्यावं."

मी बारा वर्षांची झाल्यावर बाबा मला बरोबर नेऊ लागले. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावलेली. चढ आला की उतारूंनी उतरून चालायचं. वाटेत आष्टी-कड्याचा मुलूख निजामाचा, त्यामुळे हद्दीत शिरताना आणि बाहेर पडताना दोनदा करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गाठोडी सोडायची. शिपाई महाळुंग हातात घेऊन वास घेई आणि "ये क्या है" म्हणून विचारी. बाबा म्हणत, "देवाचं आहे, दाबू नका." तो खरंच दाबत नसे.

त्या मोटारीत बाबांनी मला या सणांचा अर्थ सांगितला. आमच्या पुस्तकाच्या भाषेत, हिब्रूत, या तिन्ही सणांचं नाव पायावरून पडलंय, असं ते म्हणाले. पायी चालत जायचे सण. पहिला गुलामीतून निघाल्याचा, दुसरा नियमशास्त्र मिळाल्याचा, तिसरा पीक घरात आल्यावर, पुन्हा झोपडीत राहून बघायचा. घर पक्कं झालं म्हणून माणसानं माजू नये. आणि त्या दिवशी जेवताना मुलगी, नोकर, पोरका, विधवा, उपरा, सगळ्यांना बसवायचं, असा हुकूम आहे.

"मग तिथे जाऊन देवाचं दर्शन घ्यायचं?" मी विचारलं.

"नाही. तिथे आपण दिसायचं," बाबा म्हणाले. "पुस्तकात तसंच आहे. वर्षातून तीनदा देवासमोर दिसा. आपण बघायला जात नाही, दिसायला जातो."

मला ते फार आवडलं. पुढे दोन-तीन वर्षं मी ते मैत्रिणींना सांगत असे.

लढाईत नगरला फौज वाढली, तसे आमचे लोकही वाढले. पुण्या-मुंबईकडचे इस्राएल कारकून, हिशेबनीस, दवाखान्यातले कंपाउंडर. सुभेदारसाहेबांच्या खोलीत पंधरा-वीस पुरुष दाटीनं उभे राहत. बाबा मागच्या भिंतीशी, दाराजवळ. काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला आशीर्वाद म्हणून हातोहात फिरे तेव्हा तो बाबांपाशी शेवटी येई. तोरा वाचायला एकेकाला नावानं पुढे बोलावत, त्यात बाबांचं नाव कधी येत नसे. मला वाटे, बाबा खेड्यातून आलेले, भिडस्त, आपणच मागे राहतात. आई कधीच आमच्याबरोबर येत नसे. घरी कोंबड्या आहेत, शेळी आहे, असं ती सांगे. शेळी शेजारीण सांभाळू शकली असती, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

लढाई संपली आणि दुसऱ्या वर्षी मांडवांच्या सणाला आम्ही गेलो, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. फौजेतले कारकून आपापल्या घरी परतले होते. त्या वर्षी सण गुरुवारी आला. गुरुवार-शुक्रवार सणाचे आणि लगेच शनिवारचा शब्बाथ. या तीन दिवसांत प्रवास करायचा नाही. म्हणून बुधवारी पोचलो ते रविवारपर्यंत तिथेच राहायचं होतं.

सुभेदारसाहेबांच्या अंगणात मांडव घातला होता. वर ज्वारीचा हिरवा कडबा आणि माडाच्या झावळ्या, मधून पेरू आणि सीताफळं टांगलेली. बाबांनी महाळुंग फडक्यातून काढून सुभेदारसाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडात फिरवून पाहिलं, नाकाशी धरलं.

"पुण्याच्या मशिदीतही असं येत नाही," ते म्हणाले.

बाबांचा चेहरा खुलला. मी तो बघितला, म्हणून सांगते.

सकाळी पुरुष पुढच्या खोलीत जमले. आम्ही बायका पडद्याआड, शेजारच्या खोलीत. प्रार्थना काही सुरू होईना. मधूनमधून कुणी खोकत होतं, कुणी बाहेर जाऊन रस्त्याकडे बघून येत होतं. सुभेदारीणबाई पडद्यातून वाकून बघत आणि पुन्हा बसत.

"कंपाउंडर आजारी पडलाय," त्या दुसऱ्या बाईला म्हणाल्या. "ताप आहे म्हणे. नऊच झाले."

मी पडद्याच्या फटीतून मोजले. मोजू नये म्हणतात, पण मोजले.

"दहा आहेत," मी म्हणाले. "बाबांना धरून दहा."

सुभेदारीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. स्वयंपाकात मीठ किती घालायचं ते सांगावं तसं त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबांना धरायचं नसतं."

"का?"

"तुमचं घर काळं ना. आईनं सांगितलं नाही तुला?"

काळे आणि गोरे. त्याचा रंगाशी काही संबंध नव्हता. सुभेदारसाहेब बाबांहून चांगलेच सावळे होते. ज्यांच्या घरात कधी तरी बाहेरची बाई आली ते काळे, ज्यांच्यात आली नाही, किंवा आल्याचं कुणाला आठवत नाही, ते गोरे. माझे आजोबा हवालदार होते. छपन्नच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सालच्या, मोठ्या दुष्काळात ते पाथर्डीकडे खडी फोडण्याच्या कामावर देखरेखीला होते. तिथल्या एका कुणब्याच्या पोरक्या मुलीशी त्यांनी लग्न केलं. ती माझी आजी. मी तिला पाहिलेलं नाही. पण बाबा सांगत की तिनं मरेपर्यंत दर शुक्रवारी दिवा लावला आणि शनिवारी चूल पेटवली नाही. ते पुरेसं नव्हतं. आईचं माहेरही तसंच होतं, काळं. हे सगळं मला त्या सकाळी पडद्याआड, दोन-तीन वाक्यांत कळलं.

पुढच्या खोलीत बाबा दाराजवळ उभे होते, नेहमीच्या जागी. प्रार्थनेचं पुस्तक त्यांच्या हातात मिटलेलं होतं. त्यांना ते लागतच नसे, सगळं पाठ होतं. बाकीचे नऊजण त्यांच्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत होते.

ऊन वर आल्यावर सुभेदारसाहेबांच्या मुलाला काही तरी सुचलं आणि तो पायी बराकींकडे गेला. तासाभरानं तो एका गोऱ्या सोल्जरला घेऊन आला. हा मात्र खराखुरा गोरा, विलायतेतला, लाल कानांचा, विशीतला. लंडनच्या कुणा शिंप्याचा मुलगा. आपल्या धर्माचा आहे एवढं कुणाला तरी माहीत होतं. त्याला सुभेदारसाहेबांनी हात धरून आत नेलं. कुणी तरी डोक्यावर टोपी घातली, कारण तो बोडका आला होता.

तो खोलीत उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं आणि बोटानं हवेत मोजलं. मग इंग्रजीत काही म्हणाला. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकत होते, तेवढं मला कळलं. तो म्हणाला, "तुम्ही दहाजण तर आहातच. मला कशाला आणलं?"

सुभेदारसाहेबांनी घसा खाकरला आणि प्रार्थना सुरू केली.

त्याला हिब्रू वाचता येत नव्हतं. पान कुठलं, उभं कधी राहायचं, काही माहीत नव्हतं. तो बिचारा भांबावून दाराकडे सरकत गेला आणि बाबांशेजारी येऊन थांबला. मग बाबांनी आपलं पुस्तक उघडलं, त्याच्यापुढे धरलं आणि ओळीखाली बोट ठेवलं. ओळ संपली की बोट पुढच्या ओळीवर. सबंध प्रार्थनाभर. महाळुंग हातोहात फिरलं तेव्हा ते कसं धरायचं, शिंदी कुठल्या दिशेला हलवायची, तेही बाबांनीच त्याला दाखवलं. ज्याला मोजायचं नव्हतं त्यानं मोजलेल्याला शिकवलं, आणि खोलीतल्या कुणालाही त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

 

जेवणाआधी सगळे हात धुवायला गेले आणि सुभेदारसाहेब मांडवात एकटेच उभे होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. इतकं धाडस मी पुन्हा आयुष्यात फार वेळा केलं नाही.

"सुभेदारसाहेब, बाबांचं महाळुंग चालतं?"

त्यांना प्रश्न कळला. ते म्हातारे होते, मूर्ख नव्हते.

"पोरी, हे मी सुरू केलेलं नाही," ते म्हणाले. "माझ्या बापाच्या आधीपासून आहे. मी आज तुझ्या बाबांना धरलं, तर यातली तीन घरं उद्यापासून येणार नाहीत. मग ना मला दहा मिळतील, ना तुझ्या बाबांना उभं राहायला खोली."

"पण उपऱ्यालाही बसवा असं पुस्तकात आहे ना?"

"बसवायचंच. बसवलंय की. मोजणं वेगळं."

एवढं बोलून ते हात धुवायला गेले. मला आजही वाटतं की ते खोटं बोलत नव्हते. त्यांना बाबा आवडत. आणि त्यामुळे माझा राग कमी होत नाही, उलट वाढतो. वाईट माणसानं केलं असतं तर मी केव्हाच विसरले असते.

शुक्रवारी तो सोल्जर पुन्हा आला. माझ्यासाठी चॉकलेट घेऊन आला आणि सरळ बाबांशेजारी जाऊन उभा राहिला. शनिवारी त्याची ड्यूटी होती. दहावा कुणी मिळाला नाही, तेव्हा सगळ्यांनी आपापली प्रार्थना आपापल्यापुरती म्हटली. त्या एका दिवशी ते सगळे बाबांसारखेच होते. पण त्यांना फक्त चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं, एवढंच.

रविवारी मोटारीत बसल्यावर बाबा म्हणाले, "तू त्यांना विचारायला नको होतंस."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच सांगितलं. फार वाईट वाटलं त्यांना."

"मग वाटू दे की."

"तसं नाही. त्यांना उत्तर द्यावं लागलं. एकदा माणसानं तोंडानं उत्तर दिलं की मग त्याला त्याच्याशी चिकटून राहावं लागतं. न बोलता कधी तरी सुटलं असतं."

"किती वर्षं झाली तुम्ही जाताय?"

मीच हिशेब केला. माझ्या जन्माच्या आधीपासून जात होते.

घरी आईनं माझा चेहरा बघितला आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"कळलं वाटतं," ती म्हणाली.

"तू का नाही सांगितलंस?"

"लग्नाच्या वर्षी मी गेले होते त्यांच्याबरोबर. जेवताना मला वेगळं वाढलं. पडवीत. त्यांना म्हटलं, पुन्हा येणार नाही. हे म्हणाले, तू येऊ नकोस, मी जाईन." तिनं सूप पुन्हा उचललं. "मी किती वर्षं सांगतेय, देव काय फक्त कॅम्पातच राहतो का? पण त्यांना दहांतच दिसायचं असतं."

त्यानंतर मी गेले नाही. पुढचा वल्हांडण आला, बाबांनी कोट झटकला, आईनं बेखमीर भाकरी फडक्यात बांधून दिल्या, आणि ते एकटे गेले. सप्तकांच्या सणालाही गेले. त्या सणाला आमच्यात एका परक्या देशातल्या विधवा सुनेची गोष्ट वाचतात, जी सासूचा देव आपला मानून तिच्यामागे आली आणि जिच्या वंशात पुढे आमचा सगळ्यात मोठा राजा जन्मला. बाबा ती गोष्ट दरवर्षी दाराजवळ उभं राहून ऐकत. ऐकताना त्यांना आपली आई आठवत असेल का, हे मी कधी विचारलं नाही. आणि वाचणाऱ्यांना काही आठवत होतं का, हा प्रश्न विचारण्यात तर अर्थच नव्हता.

स्वातंत्र्य आलं. निजामाच्या मुलखात रझाकारांची धामधूम सुरू झाली आणि आष्टीवरून नगरला जाणारी मोटार बंद पडली. पुढच्या उन्हाळ्यात वल्हांडणाच्या दहा दिवस आधी सुभेदारसाहेबांचं कार्ड आलं. मी ते वाचून दाखवलं. दोन घरं बदलीवर गेली, मंडळी कमी झाली. या खेपेस तुम्हाला धरून दहा होतात. अवश्य यावे.

बाबांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं.

"जाऊ नका," मी म्हणाले. "गरज पडली म्हणून बोलावतायत."

"हो, कळतंय मला ते."

"तिन्ही घरं येतील का आता? ज्यांना चालत नव्हतं?"

"लिहिलंय ना, धरून."

आणि ते गेले. बैलगाडीनं कर्जतपर्यंत, तिथून मिरजगावच्या बाजूनं मालट्रकात बसून. एका दिवसाच्या वाटेला तीन दिवस लागले. बेखमीर भाकरींचा वाटेत चुरा झाला. आठ दिवसांनी परत आले तेव्हा पाय सुजले होते. आईनं कढत पाणी आणलं, मीठ घातलं, आणि ते पाय सोडून बसले. मी समोर उभी होते.

"मग?" मी विचारलं.

"मोजलं," बाबा म्हणाले.

"तोरेपाशी बोलावलं?"

"नाही. ते नाही. पण मोजलं."

ते हसत होते. पन्नाशीकडे झुकलेलं माणूस, पाय पाण्यात सोडून, शाळेतल्या पोरासारखं हसत होतं. मला त्यांच्याजवळ बसावंसं वाटायला हवं होतं. मी मागच्या दारी गेले आणि शेळीला उगाच दावं आवळून बांधलं.

पुढच्या वर्षी मी शिक्षिकेच्या शिक्षणासाठी नगरला ट्रेनिंग कॉलेजच्या वसतिगृहात राहायला गेले. कॅम्पात पाय ठेवला नाही. त्या पावसाळ्यानंतर, मांडवांच्या सणाच्या आदल्या दुपारी, वसतिगृहाची बाई सांगत आली की तुझे वडील आलेत, फाटकाशी उभे आहेत.

बाबांच्या काखेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या डहाळ्या होत्या आणि हातात फडक्याचं गाठोडं.

"सुभेदारसाहेबांकडे नाही गेलात?"

"गेलो होतो." ते फाटकाच्या कट्ट्यावर बसले. "तिथे सिंधी लोक राहतात आता. सिंधमधून आलेले, निर्वासित. बाई चांगली होती. पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. म्हणाली, आधीचे सगळे मुंबईला गेले, तिथून बोटीनं त्यांच्या नव्या देशात, इस्राएलला जाणार. दोन महिने झाले म्हणे."

"तुम्हाला कळवलं नाही?"

"गडबडीत राहिलं असेल."

"जूनमध्ये तुम्ही त्यांच्या घरी दोन दिवस राहिलात, बाबा. तेव्हा बंगला विकायचं ठरलं नव्हतं का?"

ते गोणपाटाची गाठ सैल करत होते. "आतल्या खोलीत सामान बांधलेलं दिसलं होतं मला," ते म्हणाले. "मला वाटलं, रंग द्यायचा असेल."

ज्या कपाटात तोरा ठेवत त्यात त्या सिंधी बाईनं आपले देव मांडले होते, असंही त्यांनी सांगितलं. त्याबद्दल तक्रार नव्हती. कपाट रिकामं राहिलं नाही, याचं त्यांना बरंच वाटलं.

संध्याकाळी सण लागणार होता, आता परत जाता येत नव्हतं. बाबा स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत राहिले. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले. त्यांनी सकाळी ओसरीच्या कोपऱ्यात उभं राहून, पूर्वेकडे, पश्चिमेकडे, उत्तर-दक्षिणेकडे शिंदी हलवून एकट्यानंच प्रार्थना केली होती. धर्मशाळेतले यात्रेकरू जमून बघत होते, असं ते म्हणाले. हदास नव्हतं, तीनच वस्तू होत्या. ती उणीव त्यांना सारखी टोचत होती. मी म्हणाले, "बाबा, आता तरी सोडा हे." त्यांनी डब्यातली भाजी चांगली झाली आहे असं सांगितलं. त्याच्या पुढच्या दिवशी मला परीक्षा होती, म्हणून मी गेले नाही. खरं म्हणजे परीक्षा दुपारनंतर होती. जाता आलं असतं.

त्यानंतर बाबा कुठेच गेले नाहीत. जिल्ह्यात जाण्यासारखं ठिकाणच उरलं नाही. तीन सण आले की कोट झटकून खुंटीला लावत आणि त्या दिवशी गावात फिरतीवर जात नसत, एवढंच.

पुढची एक गोष्ट बऱ्याच वर्षांनंतरची. मी जामखेडला शाळेत शिकवत होते, बाबा निवृत्त झाले होते, आई गेली होती. परदेशी तिकिटाचं एक पाकीट आलं. सुभेदारसाहेबांच्या मुलाचं. त्यानं लिहिलं होतं की तिकडच्या धर्माधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातून आलेल्या इस्राएलांच्या लग्नांबद्दल शंका काढली आहे. आम्ही मुळात खरे आहोत का, आमच्यात कधी बाहेरच्या बायका आल्या का, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी करतात. त्याच्या मुलीचं लग्न अडलं होतं. सुभेदारसाहेब वारले होते. नगर जिल्ह्यात जुनं माणूस तुम्हीच उरलात, तरी आमचं घर दोन्ही बाजूंनी शुद्ध आहे असं आपल्या सहीनं लिहून पाठवावं, ही विनंती.

मी पत्र वाचून दाखवलं आणि बाबांकडे बघत राहिले. ते हसतील, निदान उसासा टाकतील, असं मला वाटलं. त्यांनी चष्मा मागितला, कागद मागितला. सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता, पानभर लिहिलं. सुभेदारसाहेबांना मी कधीपासून ओळखतो, त्यांचे वडील कोण, पत्नीचं माहेर कुठलं, हे सगळं. खाली सही केली.

"तुम्ही लिहिलंत," मी म्हणाले.

"जे माहीत आहे ते लिहिलं. खरं आहे ते."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"त्या मुलीनं काय केलंय?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाकीट पोस्टात टाकायला त्यांनी माझ्याकडे दिलं. मी ते टाकलं नाही. आठ दिवस ते माझ्या पिशवीत, तपासायच्या वह्यांच्या खाली होतं. बाबांनी एकदा विचारलं, टाकलंस ना, आणि मी हो म्हणाले. त्या आठ दिवसांत माझ्या मनाला एक गारवा होता, तो मी नाकारणार नाही. तिकडे कुणी तरी दाराजवळ उभं आहे आणि बाकीचे त्याच्या डोक्यावरून रस्त्याकडे बघतायत, असं चित्र मी वर्गात शिकवतानाही डोळ्यांपुढे आणत असे. नवव्या दिवशी त्या मुलीचं वय किती असेल असा विचार मनात आला आणि मी पाकीट टाकलं.

उत्तर आलं नाही. काळ्याची साक्ष तिकडे चालली का, की पोचायलाच उशीर झाला, हे कधी कळलं नाही. बाबा पुढे वर्षभर पोस्टमनला विचारत राहिले. त्या आठ दिवसांचं मी त्यांना सांगितलं नाही.